मिग-२१ चा उघडा धातू आणि मराठवाड्याची हवा

विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या किटमध्ये येणाऱ्या सूचनापत्रिकेत भागांचे क्रमांक असतात, रंगांचे क्रमांक असतात, पण हवेबद्दल एक ओळही नसते. खोलीत २०-२२ अंश तापमान आणि मध्यम आर्द्रता असणार, असं तिथे धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा ४२ च्या वर जातो, दुपारी हवा कोरडी ठणठणीत होते, आणि ऑगस्टमध्ये त्याच खोलीत भिंतीला ओल येते. बाटलीतला रंग तोच, एअरब्रश तोच, हात तोच. तरी मे आणि ऑगस्टमधलं काम वेगवेगळं बिघडतं. म्हणून मराठवाड्यात विमानाचं मॉडेल करणाऱ्याने कामाची वाटणी ऋतूप्रमाणे करावी, असं माझं ठाम मत आहे. जोडकाम उन्हाळ्यात, घासकाम पावसाळ्यात आणि धातूचा रंग दिवाळीनंतर. दसऱ्यालाच घाई करू नये, कारण तेव्हा सोयाबीनची मळणी चालू असते आणि शहरातल्या बंद खोलीतही तो भुसा पोचतो.

विमान मुद्दाम मिग-२१ घेतलं आहे. १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात आलेलं हे सोव्हिएत लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झालं. शेकडो मिग आपल्या शेजारी, नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बांधले गेले. त्यातली बरीच विमानं वर्षानुवर्षं उघड्या धातूच्या रूपात उडाली. मॉडेल करणाऱ्याची खरी कसोटी हाच रंग. हिरव्या-तपकिरी छलावरणाखाली (कॅमोफ्लाज) थोडंफार ओरखडलेलं झाकून जातं, चंदेरी रंगाखाली केसाएवढी रेघही लपत नाही.

किट निवडताना प्रमाण आधी ठरवा. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम ९९ मिलिमीटर आणि १/४८ मध्ये १४९ मिलिमीटर. झ्वेझ्दा कंपनीचं १/७२ मिग-२१बिस (मिगची नंतरची आवृत्ती) मिळतं, एडुअर्डचं १/४८ मध्ये. उघड्या धातूसाठी १/४८ बरं, कारण पॅनेलनिहाय छटा बदलायला जागा मिळते. पुढचं सगळं १/४८ बिस धरून आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच करा: ज्या विमानाचे क्रमांक लावणार, त्याच विमानाचा, शक्यतो त्याच वर्षाचा फोटो समोर ठेवा. भारतीय मिग-२१ च्या क्रमांकाआधी ‘सी’ असतो, सुधारित बायसनच्या आधी ‘सीयू’. एफएल या आधीच्या आवृत्तीला पोटात तोफ नव्हती, बिसला दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची जीएसएच-२३ आहे. एफएलची पिटो नळी (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी) नाकावर मधोमध, बिसची वैमानिकाच्या उजव्या बाजूला सरकलेली. एफएलचे क्रमांक बिसवर लावले की जाणकाराला ते पहिल्या नजरेत खटकतं.

कॉकपिटचा निळसर हिरवा सोव्हिएत रंग तयार बाटलीत मिळतो. बाटलीतला रंग लहान मॉडेलवर जरा भडक दिसतो, म्हणून त्यात दहावा हिस्सा पांढरा मिसळावा. रंग सुकला की कडांवर आणखी फिका केलेला तोच रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिरवायचा, कोपऱ्यांत पातळ काळसर तपकिरी सोडायची. उपकरण फलकावर मधोमध एक उभी पांढरी पट्टी आहे, ती विसरू नका. विमान गिरकीत सापडलं तर वैमानिकाने दांडा त्या पट्टीच्या रेषेत आणायचा, यासाठी ती रंगवलेली असे. पितळी फोटोएच (रसायनाने कोरलेल्या पत्र्याचा) फलक असेल तर पट्टी छापूनच येते. नसेल तर अर्धा मिलिमीटर रुंदीची पांढऱ्या डीकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्याची) पट्टी कापून लावा, ब्रशने ती सरळ येत नाही. फोटोएचचे पट्टे आसनावर बसवण्याआधी मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर तापवून गार करा. पितळ मऊ पडतं आणि पट्टा आसनावर ओघळल्यासारखा बसतो. मात्र रंग छापलेले पट्टे तापवायचे नाहीत, रंग जळतो.

चाकांच्या खोबणीतल्या नळ्यांसाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही. मोटार वाइंडिंगचं दुकान आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात असतं. तिथे ३२ गेजची एनॅमलची तांब्याची तार मागा; ती ०.२७ मिलिमीटर जाड असते. खऱ्या विमानातली १३ मिलिमीटरची नळी १/४८ मध्ये नेमकी तेवढीच होते. ब्रेकच्या बारीक नळीला ३६ गेज, म्हणजे ०.१९ मिलिमीटर. टाकून दिलेले वीतभर तुकडे एका मॉडेलला पुरून उरतात. तार सरळ करायला दोन काचेच्या तुकड्यांमध्ये ठेवून लाटायची. चिमट्याने ओढून सरळ केली तर ठिकठिकाणी दबते आणि ते दबलेले भाग रंगाखालीही दिसतात.

तीन चाकांवर उभं राहणारं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन लागतं. किती, ते पत्रिकेपेक्षा तपासूनच ठरवावं. धड आणि पंख टेपने तात्पुरते जोडा, मागची चाकं जिथे येणार तिथे खाली पेन्सिल आडवी ठेवा आणि नाकावर वजन वाढवत जा. नाक खाली गेलं की त्यावर आणखी दोन-तीन ग्रॅम घाला, कारण मागचं नॉझल आणि रंगाचे थर नंतर वाढतात. जागा दोन: नाकातल्या शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या तळाखाली. शिशाचे तुकडे वापरत असाल तर ते फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने अजिबात चिकटवू नका. त्या गोंदातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाने शिसं गंजत जातं, गंजाचं आकारमान मूळ शिशापेक्षा मोठं असतं, आणि काही वर्षांनी पूर्ण झालेल्या मॉडेलचं नाक आतून तडकतं. एराल्डाइट वापरा, किंवा शिशाऐवजी सायकलच्या बेअरिंगचे पोलादी छर्रे घ्या.

आता जोडकाम. टॅमियाचं हिरव्या झाकणाचं पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) सांध्यात केशाकर्षणाने पळतं. थंड खोलीत ते काही सेकंद ओलं राहतं, मे महिन्यात मात्र ब्रश बाटलीतून सांध्यापर्यंत नेईतो अर्धं उडालेलं असतं. मग सांधा वरून चिकटल्यासारखा दिसतो, आतून कोरडाच राहतो आणि नंतर घासताना दाबाखाली उघडतो. धडाच्या लांब सांध्याला म्हणून जाड सिमेंट दोन्ही कडांना आधी लावा, अर्धा मिनिट थांबा, मग दाबा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वळी सांध्यातून बाहेर आली पाहिजे. ती आली म्हणजे पुट्टीची गरज जवळपास संपली. उन्हाळ्यातही हा सांधा दोन दिवस तसाच ठेवायचा. वरचा पापुद्रा तासात कडक होतो, आतला द्रावक निघायला वेळ घेतो. आज घासलेला सांधा पुढच्या आठवड्यात खचून तिथे चर दिसतो.

पंख जोडताना ते २ अंश खाली झुकलेले असतात हे ध्यानात ठेवा. पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्ही पंखांखाली ठेवा आणि सिमेंट सुकेपर्यंत हलवू नका. ताजी जोडलेली विमानं पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नयेत. पॉलिस्टायरीन मऊ व्हायला शंभर अंशांच्या आसपास तापमान लागतं हे खरं, पण सांध्यात द्रावक शिल्लक असेल आणि भाग ताणाखाली असेल तर तो त्याहून बराच आधी वाकतो.

उरलेल्या फटींसाठी गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात ती एनसी पुट्टी वापरू नका. तिच्यातला थिनर प्लॅस्टिक खातो आणि पुट्टी आक्रसते. फेव्हिक्विकच्या थेंबात टाल्कम पावडर मिसळून केलेला लगदा उत्तम. तो पंधरा-वीस मिनिटांत घासण्याजोगा होतो आणि त्याच दिवशी घासून टाकावा लागतो. रात्र गेली की तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो; मग भोवतालचं प्लॅस्टिक घासलं जातं आणि मधे उंचवटा तसाच राहतो.

घासकामाचे कागद हवेत तर मोटारींना रंग देणाऱ्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात जा. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरात अशी दुकानं भरपूर आहेत, लातूर-नांदेडलाही आहेत. ४०० ते २००० नंबरपर्यंत ओला पॉलिश पेपर तिथे सुटा मिळतो. त्याच दुकानातला एनसी थिनर मात्र फक्त एअरब्रशचे सुटे धातूचे भाग धुवायला; प्लॅस्टिकवर पडला तर तिथे पृष्ठभाग चुरगळतो. क्रम ४००, ६००, १०००, १५००, २००० असा. नंबर बदलताना घासायची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. छलावरण करायचं असेल तर १००० ला थांबलं तरी चालतं, धातूसाठी २००० शिवाय सुटका नाही. घासण्यात बुजलेल्या पॅनेलरेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, सुईने पुन्हा ओढून घ्या, डायमो टेपची (लेबलची कडक टेप) कड लावून. एकाच दाबात खोल रेघ ओढायला गेलात की सुई घसरते; वजन न देता सात-आठ वेळा फिरवली की रेघ आपोआप खोल जाते.

पावसाळ्यात हे काम करण्याचं कारण साधं आहे. हवेत ओल असते तेव्हा प्लॅस्टिकवर स्थिर वीज साचत नाही. उन्हाळ्यात कोरड्या फडक्याने मॉडेल पुसलं की ते आजूबाजूचा फुफाटा उलट स्वतःकडे ओढून घेतं. रंगाच्या आधीची पुसणी म्हणून नेहमी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानेच. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन थर सोडतं आणि रंग धरत नाही.

धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा थर लागतो, आणि सगळं यश त्या काळ्यावर आहे. काळा जितका गुळगुळीत, तितका वरचा चंदेरी खरा. टॅमियाचा एक्स-१ लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून मारणं सोयीचं. डिसेंबर-जानेवारीत एक भाग रंगाला एक भाग थिनर आणि १५ पीएसआय दाब पुरतो. सकाळी गारठा असेल तर बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करा. मार्चनंतर एकास दोन करा, दाब १२ वर आणा आणि मॉडेलपासून अंतर ५-६ सेंटिमीटर ठेवा. तेवढ्यानेही भागत नसेल तर रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रावण) घाला, पण मिश्रणाच्या १० टक्क्यांपुढे नाही. पुढे गेलात तर थर आठवडाभर चिकट राहतो.

उन्हाळ्यात बिघडतं ते असं. थेंब हवेतच अर्धा सुकतो, मॉडेलवर पोचतो तेव्हा पसरण्याइतका ओलावा त्यात उरलेला नसतो आणि पृष्ठभाग बारीक रव्यासारखा खरखरीत होतो. त्याच वेळी एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग सुकतो, फवारा तुटक येतो आणि मधेच एक जाड थेंब थुंकल्यासारखा पडतो. अशा वेळी दाब वाढवणं ही सगळ्यात वाईट चाल, कारण जास्त हवेने थेंब आणखी लवकर सुकतो. दर दोन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने सुईचं टोक पुसा. फवारणी सकाळी साडेसहा ते आठ या वेळात उरका.

पावसाळ्यात नेमकं उलटं. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि काळ्यावर दुधी धुकं धरतं. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात रंगवणाऱ्यालाही हेच दिसतं. कूलर खोलीत पाणीच सोडत असतो, शिवाय वाळ्याची कुसळं उडवतो. थोडं धुकं धरलं असेल तर कोरड्या दिवशी त्यावर नुसता लेव्हलिंग थिनर पातळ फवारला की थर पुन्हा मोकळा होऊन पारदर्शक होतो. स्वस्तात मिळणारं तापमान-आर्द्रता दाखवणारं यंत्र टेबलावर ठेवा. २२ ते ३२ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता असेल तेव्हाच चकचकीत थर द्यायचा, एवढा नियम पाळला तरी निम्मी डोकेदुखी जाते.

धुळीचा बंदोबस्त असा: अर्धा तास आधी फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद, खिडकीतून बाहेर फेकणारा पंखा मात्र चालू. फवारणी झाली की मॉडेलवर लगेच मोठा प्लॅस्टिकचा डबा पालथा घाला, खालून हवेला बोटभर फट ठेवून. द्रावकाच्या वाफा साध्या कापडी मास्कने अडत नाहीत, कार्बनची कार्ट्रिज असलेलाच मास्क घ्या, आणि शेजारच्या खोलीत देवापुढचा दिवासुद्धा विझलेला असू द्या. कॉम्प्रेसरची टाकी रोज काम संपल्यावर खालच्या तोटीतून रिकामी करा. पावसाळ्यात तिथून वाटीभर नसलं तरी चमचाभर पाणी निघतंच, आणि ते पाणी रंगात आलं तर थरावर खड्डे पडतात. भारनियमनाचं वेळापत्रक पाहून बसा. तीन लिटरच्या टाकीत साठलेली हवा फार वेळ पुरत नाही.

काळा थर किमान दोन दिवस, एनॅमलचा असेल तर आठवडा सुकू द्या. नखाने न दिसणाऱ्या जागी दाबून पाहा. मग चंदेरी: ॲल्क्लॅड किंवा व्हॅलेजोचे मेटल कलर, दोन्ही बाटलीतून थेट, पातळ न करता, १२ पीएसआयवर, धुक्यासारखे विरळ तीन-चार थर. काळा दिसेनासा झाला की थांबायचं. त्यापुढचा प्रत्येक थर चमक वाढवत नाही, राखाडी करत जातो. व्हॅलेजोचे रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ करू नका, ते दह्यासारखे फाटतात.

मिग-२१ क्रोमसारखं चमकत नव्हतं. पत्रा राखट चंदेरी, काही पॅनेल गडद, शेपटीकडे इंजिनाभोवतीचा भाग उष्णतेने पिवळसर-तपकिरी. म्हणून आधी सगळ्यावर ॲल्युमिनियमची एक छटा, मग टेप लावून दहा-बारा पॅनेलवर गडद किंवा पांढरट ॲल्युमिनियम. जास्त पॅनेल केलीत तर विमान गोधडीसारखं ठिगळांचं दिसतं. टेप लावण्याआधी ती तळहातावर दोनदा चिकटवून सोडा; हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी टेप तर चंदेरी सोलूनच काढते. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं, चाकांच्या मधल्या तबकड्याही हिरव्या, पण त्या जास्त उजळ. हे हिरवे शेवटी मारा. हिरव्यावर उडालेलं चंदेरी निघत नाही, चंदेरीवरचं हिरवं झाकता येतं.

डीकलच्या वेळी पाणी आडवं येतं. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. डीकलखाली ते सुकलं की क्षारांची पांढरी कड राहते आणि चंदेरीवर ती ठळक दिसते. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजेच डिस्टिल्ड पाणी वापरा. एक लिटर कित्येक विमानांना पुरतं. आधी चकचकीत पारदर्शक थर, त्यावर पाण्याचा थेंब, त्यावर डीकल. उन्हाळ्यात हा थेंब पाहता पाहता आटतो आणि डीकल वाकडं असतानाच चिकटतं. तसं झालं तर ओढू नका, कडेला पाणी सोडून मिनिटभर थांबा. बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं असं आपलं वर्तुळ पंखाच्या पॅनेलरेषांवर येतं, तिथे मार्क सॉफ्टर (डीकल मऊ करणारं द्रावण) लावल्यावर डीकल सुरकुततं. त्याला हात लावायचा नाही. सुकताना ते स्वतःच रेषेत उतरतं. जुन्या किटमधले डीकल पिवळे पडले असतील तर कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आपलं ऊन दोन-चार दिवसांत पिवळेपणा काढतं, इथे तरी ते कामाचं आहे.

वॉशसाठी, म्हणजे रेषांत सोडायच्या पातळ रंगासाठी, उघड्या धातूवर काळा नको, गडद राखाडी तैलरंग हवा. तो साध्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये दुधाइतका पातळ करा आणि रेषेला टोक टेकवून सोडा. चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध टर्पेंटाइन जास्त तीव्र असतं, एनॅमलचा थर सोडवतं. चाकांच्या दांड्यांवर कुठलाही वॉश भरपूर ओतू नका. टर्पेंटाइन सांध्यात मुरतं, आधीच वजनाखाली ताणलेलं प्लॅस्टिक तडकतं, आणि दुसऱ्या दिवशी विमान एका बाजूला कललेलं सापडतं. शेपटीवरची उष्णतेची छटा पारदर्शक तपकिरी आणि थेंबभर निळ्याने, अगदी विरळ फवारून आणा. पोटाखाली तोफेमागे काजळी द्यायची असेल तर मागच्या दिशेने ओढलेली, फिकी.

पिटो नळी सगळ्यात शेवटी, कारण ती मोडतेच. प्लॅस्टिकची टाकून औषधाच्या दुकानातल्या नव्या सुया घ्या: २० गेजच्या पिवळ्या सुईची आतली पोकळी ०.६ मिलिमीटर, तिच्यात २६ गेजची तपकिरी सुई, बाहेरून ०.४६ मिलिमीटर, सैलसर बसते आणि नळीचा टप्प्याटप्प्याने निमुळता आकार तयार मिळतो. पकडीने तोडलीत तर सुई चेपते. टेबलावर लाटत लाटत त्रिकोणी कानशीने भोवती खाच पाडा, मग वाकवून तोडा. दोन्ही टोकं घासून बोथट करा. आत फेव्हिक्विकचा थेंब सोडून वीस मिनिटं उभी ठेवा. कॅनपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) मात्र फेव्हिक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि ते पुसता येत नाही. तिथे फेव्हिकॉलच योग्य. सुकल्यावर पारदर्शक होतं आणि जादाचं ओल्या ब्रशने निघतं.

तयार विमान काचेच्या बंद कपाटात ठेवा, पण उन्हाच्या खिडकीसमोर नको. जे ऊन पिवळं डीकल पांढरं करतं, तेच वर्तुळातला केशरी रंगही फिका करतं.